एक गुण जास्त

"काका, ही डबी तुमच्याच हातची ना?"

दातांच्या डॉक्टरांनी रुमालात गुंडाळलेली प्लॅस्टिकची चपटी डबी काढली आणि टेबलावरच्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवली. ठेवली ती उलटी, आतल्या नाण्याचं तोंड खाली करून. पाऊणरावांनी ती दोन बोटांनी कडेला धरून सुलटी केली, दिव्याजवळ नेली आणि हनुवटीनं लेकीकडे खूण केली.

"डबी माझी. अक्षर हिच्या आईचं."

लेक खिडकीशी बसून मांडीवरच्या बाळाला थोपटत होती, ती थोपटता थोपटता थांबली. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून आईचं अक्षर असं अवचित भेटायचं. बरणीच्या झाकणावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, आणि कधीमधी अशा परत आलेल्या डबीत. निळ्या शाईतलं, किंचित उजवीकडे झुकलेलं. चिठ्ठीवर चौसष्ट लिहिले होते आणि चाराच्या आकड्याची दोन्ही टोकं अशी वर गेली होती की कडेवर घ्या म्हणून मुलानं हात वर करावेत.

पाऊणराव नाणी तपासत. लोक जुनी नाणी आणून देत, हे भिंगाखाली धरून त्यांना सत्तरपैकी गुण देत, आणि मग नाणं आणि गुणांची चिठ्ठी एकाच डबीत घालून डबी यंत्रात दाबून कायमची बंद करत. डबी फोडल्याशिवाय चिठ्ठी बदलता येत नाही, म्हणून नाणं घेणारा चिठ्ठीवर विश्वास टाकतो. या धंद्यात मोठ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे शेकडो माणसं कामाला असतात. पाऊणरावांच्या कंपनीत माणसं दोन होती. एक ते आणि दुसरी त्यांची बायको. ते बघायचे, ती लिहायची.

पाऊणराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी ते ठेवलं होतं. या गृहस्थांना पौर्णिमेचा चंद्रसुद्धा पाऊणच दिसतो, असं एकदा कोणीसं म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. सत्तर गुण त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला दिले नाहीत. सत्तर म्हणजे ज्याला कोणाचा हात लागला नाही ते, आणि हात लागल्याशिवाय घरात येतं काय, असं ते विचारायचे. लेकीनं शाळेत असताना काढलेल्या बदकाला त्यांनी एकोणसाठ दिले होते. तिच्या लग्नात पाहुण्यांनी थाटमाट कसा वाटला म्हणून विचारलं, तेव्हा थोडा वेळ मांडवाकडे बघून ते म्हणाले होते, "पासष्ट."

शाळेत बाईंनी वडील काय करतात म्हणून विचारलं की लेक बाकाखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागायची. नाण्यांना मार्क देतात, असं तिनं एकदा सांगितलं आणि वर्ग पोट धरधरून हसला. पण त्या हसण्यापेक्षाही तिच्या मनात मावशीचं एक बोलणं रुतून बसलं होतं. मावशी भरल्या घरात, सगळ्यांसमोर सांगायची की तू झालीस तेव्हा तुझा बाप कुठे होता ठाऊक आहे का, घरी नाणी बघत बसला होता. माझी बहीण तिकडे दवाखान्यात आणि हा इकडे दिवा लावून बसलेला. आई तेवढ्यापुरती हसायची आणि विषय बदलायची. बाबा कधी नाही म्हणाले नाहीत. लेकीनंही कधी विचारलं नाही. आता ती स्वतः आई झाली, तेव्हा तिचा नवरा दवाखान्याच्या बाकावर दोन रात्री अवघडून बसला होता. ते बघताना तिला उगाचच मावशी आठवली होती.

घर जवळच होतं, म्हणून ती रोज सकाळी बाळाला घेऊन यायची. पाऊणरावांना नाणं अजून स्वच्छ दिसे, पण वहीतलं बारीक अक्षर लागत नसे. तेव्हा आईचं काम आता तिच्याकडे आलं होतं. काम फार उरलं नव्हतंच. आठवड्याला पाच-सहा नाणी. कोपऱ्यावरचा व्यापारी तर उघड म्हणे की घरगुती डबीला बाजारात कोणी हुंगत नाही.

तोच व्यापारी डॉक्टरांनाही हेच म्हणाला होता. झालं होतं असं. पाऊणरावांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे काका. ते गेल्या वर्षी वारले. त्यांनी जन्मभर जमवलेली तेवीस चांदीची नाणी काकूंना विकायची होती, आणि तेवीसच्या तेवीस पाऊणरावांच्या डबीत बंद होती. डॉक्टरांना नाण्यांचा नाद होता. त्यांनी चाचणी म्हणून एक डबी आधी घेतली आणि मोठ्या कंपनीकडे पाठवून दिली. कंपनीनं डबी न फोडता नाणं बघितलं आणि पत्रासह परत केलं. आमच्याकडे याला त्रेसष्ट मिळतील, चौसष्ट नाही. डॉक्टरांनी ते पत्र कोपऱ्यावर दाखवलं. व्यापारी म्हणाला, मी सांगत होतोच. डब्या फोडा, चिठ्ठ्या कचऱ्यात टाका, आणि चांदीच्या वजनानं घ्या सगळं.

पाऊणराव हे ऐकत होते आणि भिंगाची काच सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

डॉक्टर माणूस सरळ होता. खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "काका, एका गुणाचं काय एवढं? मोठ्या मोठ्या कंपन्यांचंही आपापसात पटत नाही. तुम्ही फक्त म्हणा, माझं बरोबर आहे. मी काकूंकडून सगळी घेऊन टाकतो."

लेकीनं बाबांकडे बघितलं. एक शब्द तर बोलायचा होता. घड्याळवाल्या काकांच्या त्या तेवीस डब्या म्हणजे आईबाबांच्या हातचं सगळ्यात चांगलं काम. ते असं कचऱ्याच्या टोपलीत जायचं की कोणाच्या कपाटात मानानं राहायचं, एवढाच प्रश्न होता. तिच्यानं राहवलं नाही. ती हळूच म्हणाली, "बाबा, एवढातेवढा फरक कुठेही पडतो. डॉक्टर स्वतःच म्हणतायत."

"बघून सांगतो," पाऊणराव म्हणाले.

त्यांनी घड्याळाकडे नजर टाकली. सव्वादहा. उत्तरेच्या खिडकीतला उजेड अजून दीड-दोन तास टिकणार होता. त्यांचे नियम ठरलेले. नाणी बघायची ती दहा ते बारा. ताप असेल तर बघायची नाहीत, डोळे जड होतात. घरात भांडण झालं असेल तर त्या दिवशी दिवाच लावायचा नाही, रागात माणूस गुण कापतो. आणि प्लॅस्टिकमधून कधीही बघायचं नाही.

ते उठले, भिंतीतल्या कपाटाला किल्ली लावली आणि पकड काढली. डबीच्या सांध्यात पकडीचं टोक घालून मनगट फिरवलं. कट्टकन आवाज झाला, बाळ दचकलं. इतक्या वर्षांपूर्वी स्वतःच बंद केलेली डबी त्यांनी स्वतः फोडली आणि नाणं कडेला धरून बाहेर घेतलं. एका बाजूला गव्हाची ओंबी, दुसऱ्या बाजूला बाईचा चेहरा. मग ते नाणं भिंगाखाली हळूहळू कलतं करत राहिले. झोपलेल्या मुलाचा चेहरा बघायला आपण दिवा तिरका धरतो ना, तसं.

"गालावर दोन ओरखडे आहेत," शेवटी ते म्हणाले. "एक कानाखाली, एक ओठाजवळ. चौसष्टला एक चालतो. दोन नाही चालत. कंपनीचं बरोबर आहे, डॉक्टर. हे त्रेसष्टच."

लेकीला वाटलं, झालं, संपलं. पण पाऊणरावांचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. दुसरा ओरखडा दिसला कसा नाही? तो कालचा नाही, डबीत जाण्याआधीचाच आहे. त्यांनी चिठ्ठीवरचा क्रमांक वाचून दाखवला आणि लेकीला जुनी वही काढायला सांगितलं.

वही कापडी पुठ्ठ्याची होती. क्रमांक, नाणं, गुण, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात आई लिहायची: कडेला ठोका, धुतलेलं, फार हाताळलेलं. लेक पानं उलटत गेली. तिला तो क्रमांक सापडला, तिनं डावीकडे बोट सरकवून तारीख बघितली आणि पुन्हा एकदा बघितली.

"वाच की," पाऊणराव म्हणाले.

तिनं तारीख वाचली. डॉक्टरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पाऊणरावांनी मात्र भिंग खाली ठेवलं.

ती लेकीची जन्मतारीख होती.

त्या दिवशी पाच नाणी तपासलेली होती, सगळी घड्याळवाल्या काकांची. लेक एकेक गुण वाचत गेली. चौसष्ट, पासष्ट, चौसष्ट, सहासष्ट, पासष्ट. एकही त्रेसष्ट नाही, एकही बासष्ट नाही. आदल्या दिवशीचं पान अठ्ठावन्न आणि एकसष्टनं भरलेलं, पुढच्या आठवड्याचंही तसंच. मधलं हे एकच पान असं, जसं करड्या कपड्यांच्या घडीत एखादं सणाचं वस्त्र राहून जावं.

"असं कसं झालं?" पाऊणराव पुटपुटले. मग डॉक्टरांकडे बघत, पण खरं तर कोणालाच उद्देशून नाही, ते सांगू लागले. पहाटे मुलगी झाली. परिचारिकेनं काचेपलीकडून क्षणभर दाखवली, एवढीशी, मूठ मिटलेली. तेव्हा बाळंतिणींच्या खोलीत पुरुषांना संध्याकाळी पाचपर्यंत सोडत नसत. नऊ वाजता घरी आलो. बसवेना, उभं राहवेना, खायला काही जाईना. हातांना काहीतरी काम हवं होतं. म्हणून दिवा लावला.

एवढं बोलून ते थांबले. लेकीनं मान वर केली नाही. अठ्ठावीस वर्षं मावशीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट तीच होती. दिवा तोच, नाणी तीच. फक्त आजवर ती कोणी या बाजूनं धरून दाखवली नव्हती.

पानाच्या तळाशी, शेवटच्या नाण्यासमोर, शेऱ्याच्या रकान्यात शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. इतकं फिकट की तिनं वही खिडकीपाशी नेली. आई दवाखान्यातून घरी आल्यावर मांडीवर बाळ घेऊनच तिनं साचलेल्या चिठ्ठ्या लिहिल्या असणार. गुण लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं असणार. नाण्याबद्दल लिहायचं ते शाईनं, असा तिचा दंडक होता. हे नाण्याबद्दल नव्हतं, म्हणून पेन्सिल.

लेकीनं वाचलं, "तपासणारा खुशीत."

पाऊणरावांनी वही मागून घेतली आणि त्या दोन शब्दांवर भिंग धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "सांगायला हवं होतं तिनं."

पण बोट काही त्यांनी तिथून उचललं नाही.

चुकीची चिठ्ठी गिऱ्हाइकासमोर फाडायची, हाही त्यांचा एक नियम. त्यांनी ती चौसष्टची चिठ्ठी हातात घेतली तेव्हा लेक पुढे झाली.

"बाबा, आईचं अक्षर आहे."

"अक्षर बरोबर आहे," ते म्हणाले. "आकडा चुकलाय."

आणि त्यांनी चिठ्ठीचे चार तुकडे केले. नवी चिठ्ठी लेकीनं लिहिली. त्रेसष्टचे आकडे नीट उमटले. घड्याळवाल्या काकूंच्या पेटीत त्याच दिवसाच्या आणखी चार डब्या असतील, त्यांचाही एकेक गुण कमी धरा, असं पाऊणरावांनी डॉक्टरांना बजावून सांगितलं. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि मग, अगदी नाइलाजानं, मनातली शंका बोलून दाखवली. बाकीच्या अठरांचं काय? तुमच्या घरी आनंदाचा दिवस काही एकदाच आला नसेल.

ताप, भांडण, जड डोळे, सगळ्याचा नियम पाऊणरावांनी केला होता. खुशीचा केला नव्हता. ते सुचलंच नव्हतं.

लेकीला मात्र एकदम काहीतरी आठवलं. तिनं पुढच्या वर्षांच्या वह्याही ओढून काढल्या आणि ती भराभरा पानं उलटायला लागली. आई घरात सगळ्यात नीटनेटकी, पण तिची एक खोड होती. कपाटाची किल्ली हरवायची, आणि नाणी, पकड, कोऱ्या डब्या सगळं त्याच कपाटात. वर्षातून दोन-चारदा तरी. बाबा चिडायचे, घर उलटंपालटं करायचे, दिवस फुकट जायचा; आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली साखरेच्या डब्यामागे सापडायची. घरातली ठरलेली थट्टा होती ती. जावईबापूंनाही लग्नानंतर आठवड्याभरात कळली होती.

लेकीला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं, ती तारीख तिनं काढली. त्या दिवशी एकही नाणं नव्हतं. रकान्यांवरून आडवं, बाबांच्या चिडक्या अक्षरात लिहिलं होतं, किल्ली गहाळ, काम बंद. ती सायकल शिकली त्या वाढदिवसाला: किल्ली गहाळ, काम बंद. शालान्त परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी तेच. लग्न ठरलं त्या दिवशी तेच, आणि तिथे बाबांनी रागानं खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

तिनं एकेक पान डॉक्टरांपुढे धरलं. डॉक्टरांना कळायला थोडा वेळ लागला. पाऊणरावांना त्याहून जास्त लागला. ते त्या दोन रेघांकडे बघत राहिले. पस्तीस वर्षं एका छताखाली काढली, तिला वेंधळी म्हटलं, पाहुण्यांसमोर म्हटलं, आणि ती हसून साखरेचा डबा सरकवत राहिली.

"बाकीच्या अठरांची हमी मग माझी नाही, डॉक्टर," ते म्हणाले. आवाज साधाच होता, कामाच्या गोष्टीचा. "ती हिच्या आईची."

डॉक्टर विचार करून कळवतो म्हणून गेले.

आठ दिवस काही निरोप आला नाही. पाऊणराव रोज दहाला दिवा लावायचे, बाराला विझवायचे. कोपऱ्यावरच्या व्यापाऱ्यानं लेकीला रस्त्यात गाठून, तुझ्या वडिलांनी स्वतःच चूक कबूल केली म्हणे, असं तोंड वेंगाडून विचारलं. ती हो म्हणाली. तुम्ही तुमची एखादी कबूल केलीत तर मला कळवा, असंही म्हणाली, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन चालती झाली. घरी आल्यावर तिनं हे बाबांना सांगितलं नाही. बाबांनीही काही विचारलं नाही. मात्र जेवताना त्यांचा घास मध्येच थांबायचा, आणि तिला कळायचं की जीव त्या पेटीत अडकलाय.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले ते दोन्ही हातांत लाकडी पेटी घेऊन. घड्याळवाल्या काकूंकडून त्यांनी सगळी नाणी घेतली होती, चिठ्ठ्यांवरच्या गुणांप्रमाणे, फक्त त्या दिवसाच्या चार डब्यांचा एकेक गुण कमी धरून. त्या चार डब्या फोडून नव्यानं बंद करून हव्या होत्या. बाकीच्यांना हात लावायचा नव्हता. आणि आणखी एक काम होतं. डॉक्टरांची स्वतःची साठ-पासष्ट नाणी अशीच कागदात गुंडाळून पडली होती. कंपनीकडे पाठवणार होतो, पण आता इथेच देईन म्हणतो, असं ते म्हणाले.

पाऊणरावांनी पेटीचं झाकण उघडलं. आत ओळीनं डब्या होत्या आणि प्रत्येक डबीत ते निळं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. लेकीला त्यांच्या मानेचा मागचा भाग दिसत होता, आणि तो ताठ झाला होता. असा ताठ तिनं तीन वर्षांत बघितला नव्हता. मग त्यांनी बाळाच्या पायाचं बोट चिमटीत धरलं, अगदी कडेला, नाणं धरतात तसं, आणि म्हणाले, "छोट्या बाईसाहेब, आज काम आहे बरं का भरपूर."

डॉक्टर हसत निघून गेले. दहाला पाच मिनिटं कमी होती. पाऊणरावांनी खुर्ची पुढे घेतली, मखमल झटकली, बाह्या दुमडल्या. गुणगुणत होते. बाबा गुणगुणतात हे लेकीला ठाऊकच नव्हतं. मग उठून त्यांनी कपाटाशेजारच्या खिळ्याकडे हात नेला.

खिळा रिकामा होता.

त्यांनी खिसे चाचपले. टेबलाचा खण बघितला. पेटीच्या खाली बघितलं. लेक बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"किल्ली कुठे दिसत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "उद्या बघू या."

पाऊणराव वळले. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग तिच्या मागे, फळीवर, जिथे साखरेचा डबा रोजच्या जागेवरून जरासा पुढे आला होता. तिथे त्यांची नजर थोडी रेंगाळली. मग ते सावकाश खुर्चीत बसले, दुमडलेल्या बाह्या खाली केल्या आणि दिव्याचं बटण बंद केलं. खिडकीतला उजेड टेबलावर तसाच होता, दहाचा, कामाचा, चांगला.

"वेंधळी कुठली," ते म्हणाले. आणि वही तिच्याकडे सरकवत, "लिही. किल्ली गहाळ, काम बंद."

तिनं शाईचं पेन बाजूला ठेवलं आणि पेन्सिल घेतली.